जुने स्टिरिओ स्पीकर घेताना आधी कडा तपासा

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे जुने स्टिरिओ स्पीकर विकत घेताना लाकडी पेटीच्या चकाकीपेक्षा वूफरच्या, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, लवचीक कडेकडे अधिक लक्ष द्यावे, कारण फोमची कडा साधारण 15 ते 20 वर्षांत भुसभुशीत होते आणि मराठवाड्यातील 40 अंशांपुढचा उन्हाळा ही झीज आणखी वाढवतो. पुढची जाळी काढून कडेला बोटाने हलका स्पर्श करावा; चिकटपणा जाणवला किंवा भुगा पडला, तर कडा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. रबरी किंवा कापडी कडा बहुधा जास्त टिकते, म्हणून कमी खर्चात माझी पसंती तिलाच आहे. कोन, म्हणजे वूफरचा मधला शंकूसारखा पडदा, दोन्ही बाजूंनी सारखा दाबून पाहावा. खरखर आली, तर आतील कॉइल, म्हणजे पडदा हलवणारे तारेचे वेटोळे, घासत आहे असे समजून ती स्पीकरची जोडी सोडून द्यावी. विद्युत रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ओहम दाखवतो; तो दोष समजू नये. शेवटी ओळखीचा अभंग लावून प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे ऐकावा, कारण टाळांचा नाद ट्विटरची, म्हणजे उंच सूर देणाऱ्या छोट्या भागाची, आणि पखवाजाचा घुमारा वूफरची अवस्था स्पष्ट सांगतो.