चाकं बदललेली गाडी दर्जीपुऱ्याला (वडोदऱ्याच्या आरटीओत) न्यायच्या आधी

गाडीला १५ वर्षं होत आली की फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नोंदणी ५ वर्षं वाढवून घ्यायची असते. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. मधल्या काळात हौसेनं अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले असतील, तर त्यांचं काम मात्र त्याही आधी हातात घ्या.

सगळ्यात आधी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा हवेच्या दाबाचा स्टिकर वाचा. कंपनीला मान्य असलेली टायरची मापं तिथे असतात, बरेचदा वरच्या मॉडेलचंही. आपलं माप त्यात असेल तर निम्मी काळजी मिटली. स्टिकरचा आणि मॅन्युअलमधल्या पानाचा फोटो काढून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी तफावत पडेल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय.

नुसती उंची जुळली म्हणून खूश होऊ नका. १८५/६५ आर१५ ची उंची साधारण ६२१ मिमी, १९५/५५ आर१६ चीही तेवढीच. पण पहिल्यावर भार दाखवणारा आकडा बहुतेक ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो; दुसऱ्यावर ८७ असेल तर ५४५. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. मूळ आकड्याच्या खाली जायचं नाही, यावर मी ठाम आहे.

मग चाक उतरवून मागची बाजू पुसा. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं), भार हे सगळं तिथे कोरलेलं असतं. नसेल तर ते चाक मी तरी घेणार नाही. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर फट भरणारी रिंग हवीच, नाहीतर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

घासतंय का ते असं बघा: मडगार्डच्या आतल्या अस्तराला खडू फासा, चौघांना बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दांडिया बाजारातून एक फेरी मारा. खडू पुसलेला पट्टा दिसला की समजायचं.

टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली नको. आरसी, विमा, पीयूसी, चाकांचं बिल एका फाइलीत.

माप स्टिकरबाहेरचं निघालं तर कंपनीची चाकं परत चढवा आणि तीच राहू द्या. तपासणीपुरती बदलाबदली केली तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. म्हणून जुनी चाकं भंगारात देऊ नका, आणि त्यांचे नटही जपा. अलॉयचे नट स्टीलच्या रिमला नीट बसतीलच असं नाही, आणि स्टेपनी तर बहुतेक स्टीलचीच असते.