ड्रायर फिरतो, पण तापत नाही? या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा ड्रायर बिघडला की फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ड्रम फिरतोय, पण कपडे गारच. हीटर गेला वाटतं." लगेच नवा हीटर मागवलाही जातो. हीटर जातो, नाही असं नाही, पण त्याच्यावर संशय घ्यायची पाळी बरीच उशिरा येते. (हे सगळं विजेच्या ड्रायरबद्दल. गॅसचा असेल तर जाणकाराला बोलवा.)

ब्रेकर न बघताच मशीन उघडू नका. इथला ड्रायर २४० व्होल्टवर चालतो. म्हणजे १२० व्होल्टच्या दोन लाइनी येतात आणि दोन्हींवर मिळून ३० अँपिअरचा जोड-ब्रेकर असतो. बहुतेक मशीनमध्ये मोटर एका लाइनवर फिरते, हीटरला मात्र दोन्ही लागतात. एक लाइन गेली की दिवा लागतो, ड्रम फिरतो आणि उष्णतेचा पत्ता नसतो. ब्रेकरकडे नुसतं बघून "चालू आहे" म्हणू नका. खटका आधी पूर्ण ऑफकडे दाबा, मग ऑन करा. पुन्हा पडला तर चढवत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बटण 'एअर फ्लफ'वर आहे का तेही बघून घ्या. त्यात हीटर लागतच नाही.

आता ज्या चुकीने मला खरोखर वैताग आणलाय ती. हीटरच्या डब्यावर नाण्याएवढा थर्मल कटऑफ असतो. आतली उष्णता हाताबाहेर गेली की तो उडतो आणि हीटर बंद पडतो. एकदा उडाला की तो बदलावाच लागतो. लोक व्हिडिओ बघून बदलतात, ड्रायर तापतो, आनंदीआनंद. पण तो का उडाला, हे कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याकडे असंच चाललं होतं. नवा कटऑफ बसवला की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा गार. "काका, पार्टच डुप्लिकेट येतायत हो," तो म्हणाला. पुढे त्याने विचारलं, कटऑफ काढून त्याच्या दोन वायरी थेट जोडून टाकल्या तर चालेल का? मी आधी घराबाहेर गेलो. ड्रायर चालू होता, तरी गरम हवा बाहेर सोडणारी भिंतीवरची झडप हलतही नव्हती. पक्षी शिरू नयेत म्हणून कोणीतरी तिला जाळी ठोकली होती आणि तिच्यामागे करडा लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, गच्च दाबून बसला होता. आत मशीन भिंतीला इतकं रेटलेलं की मागची फॉइलची नळी पार चेपलेली. गरम हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. कटऑफ बिचारा दर वेळी आपलं काम चोख करत होता.

जाळी काढली, फॉइलच्या जागी चार इंची कडक धातूची नळी घातली, सगळा मार्ग ब्रशने साफ केला. त्यानंतर तो पार्ट पुन्हा उडाला नाही.

वायरी थेट जोडण्याचा विचारसुद्धा करू नका. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हे होतं. दहा-वीस डॉलर आणि अर्धा तास वाचवायला घरात मुलंबाळं झोपलेली असताना हा खेळ? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

लिंटची जाळी रोज झटकता, पण धुता का? कपडे मऊ राहावेत म्हणून आत टाकतात त्या ड्रायर शीटमुळे तिच्यावर न दिसणारा थर बसतो. नळाखाली धरा. पाणी वर साचलं तर साबण आणि जुना टूथब्रश घ्या.

एवढं करूनही गारच असेल तर मशीन उघडा. प्लग काढल्याशिवाय नाही, घाई कितीही असो. पहिल्यांदा मागची वायर जिथे जोडलेली असते ते टर्मिनल बघा. तिथला एखादा स्क्रू सैल होऊन काळा पडलेला, प्लास्टिक वितळलेलं असेल तर दोष तिथेच सापडला. तिथे ठीक असेल तर हीटरची एक वायर सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. वायर न सोडवता घेतलेलं रीडिंग फसवं येतं. १० ओहमच्या आसपास आलं तर हीटर शाबूत आहे, मग कटऑफ तपासा. बदलायचा झाला तर हाय-लिमिट थर्मोस्टॅटसकट (उष्णता फार वाढली की हीटर थांबवणारा खटका) बदला, दोन्ही एकत्र मिळतात. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे. तेव्हा खुशाल नवा हीटर मागवा.