तरंगतं लूअर की पाण्याखालचं? निवड कशी करावी

शिकारी माशांसाठी लूअर, म्हणजे गळाला लावायचं कृत्रिम आमिष, निवडताना बहुतेकांचा वेळ रंगात आणि आकारात जातो. त्याआधी ठरवायला हवं ते वेगळंच: आज मासा खाण्यासाठी किती वर यायला तयार आहे? पृष्ठभागापर्यंत येणार असेल तर तरंगतं लूअर बांधा, नाहीतर लूअरलाच खाली त्याच्याकडे जावं लागेल. हे मासे बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतात, म्हणून माझा कल मुळात खालच्या लूअरकडे. वरचं लूअर बांधायला काहीतरी कारण दिसलं पाहिजे.

आधी नुसतं पाहा

गळ टाकायची घाई न करता काठावर थोडा वेळ शांत उभे राहा. छोटी मासळी घाबरून पाण्याबाहेर उड्या मारते आहे, काठाच्या गवतात बेडूक आहेत, मधूनच पाणी जोरात ढवळतं आहे, असं दिसलं तर शिकार वर चालू आहे.

मरळीच्या बाबतीत मात्र फसगत होते. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. त्या खळबळीवरून मासा तिथे आहे एवढंच कळतं, भुकेला आहे असं नाही. आणि लालसर पिल्लांचा थवा एकाच जागी बुडबुडताना दिसला, तर खाली राखणीला आईबाप असतात. तिथे लूअर टाकू नये. मोठा मासा काढला की ती सगळी पिल्लं इतरांच्या तोंडी जातात.

मग ऊन, वारा आणि गारवा

माशाचं शरीर पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं आणि तो लांबचा पाठलाग टाळतो. ब्लॅक बास या शिकारी माशासाठी साधारण १५-१६ अंश सेल्सिअसच्या खाली वरच्या लूअरचा भरवसा धरू नये. पाइक हा दातेरी शिकारी मासा त्याहून थंड पाण्यातही खातो. अशा गारठ्यात पाण्यात मध्येच स्थिर राहणारं जर्कबेट (हिसके देऊन चालवायचं माशाच्या आकाराचं लूअर) घ्या, एक-दोन हिसके द्या आणि कंटाळा येईपर्यंत थांबा. चावा बहुधा त्या थांब्यातच येतो.

पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस वरच्या लूअरचे. भर उन्हात मासा सावलीत किंवा खोलवर जातो. पण सावली कमळाच्या पानांची असेल, तर दुपारीही वरचं लूअर चालतं, हे पुष्कळजण विसरतात. हलक्या वाऱ्याच्या लहरी फायद्याच्या, कारण माशाला लूअर नीट निरखता येत नाही. आरशासारख्या पाण्यात कमी आवाजाचं लूअर बरं. लाटा उसळायला लागल्या की पॉपरचा, म्हणजे ओढल्यावर आवाज करणाऱ्या तरंगत्या लूअरचा, आवाज त्यातच विरतो. तेव्हा खाली जा.

पाणी गढूळ आहे का?

माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला पाण्यातली कंपनं कळतात. गढूळ पाण्यात तो त्यांच्या आधाराने शिकार शोधतो, म्हणून फिरत्या पात्याचं स्पिनरबेट किंवा आत गोळ्या खुळखुळणारं क्रँकबेट (ओढल्यावर डुलत खाली जाणारं, माशाच्या आकाराचं लूअर) सावकाश ओढावं. नितळ पाण्यात खालच्या माशाला वरच्या लूअरची आकृती आकाशासमोर स्पष्ट दिसते आणि तो बराच खालून उसळी घेऊ शकतो. रात्री काळं लूअर वापरतात ते याचसाठी.

पाणवनस्पती दाट असेल तर प्रश्नच मिटला

तिथे तिहेरी गळांचं क्रँकबेट दर फेकीला पाल्याचा भारा घेऊन येईल. अंगाला चिकटलेल्या गळांचा पोकळ रबरी बेडूक वापरा, पानांवरून सरकवा आणि मोकळ्या फटीत आला की थांबवा.

हवी ती खोली गाठणं

क्रँकबेटची खोली त्याच्या पुढच्या ओठावर, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पट्टीवर, ठरते. ओठ लांब आणि शरीराच्या रेषेत असेल तर ते खोल जातं, आखूड आणि खाली वळलेला असेल तर उथळ राहतं. त्याच लूअरला बारीक दोरी लावली आणि लांब फेक केली की ते आणखी खाली उतरतं. स्पून (चमच्यासारखं धातूचं लूअर) आणि जिग (जड डोक्याचा गळ) बुडत असताना सरळ आकडे मोजा. तळ दहाला लागला, तर पुढच्या वेळी सातला ओढायला सुरुवात करा, मग पाचला. जिथे चावा आला तो आकडा धरून ठेवा.

दोरीचाही विचार करा. वेणीची (धागे विणून केलेली) दोरी तरंगते, फ्लुरोकार्बनची बुडते. फ्लुरोकार्बनवर छोटा पॉपर बांधला की त्याचं नाक खाली खेचलं जातं आणि चाल बिघडते. पाइकच्या दातांसाठी तारेचा लीडर (दोरी आणि लूअर यांच्यामधला तुकडा) लागतोच. छोट्या तरंगत्या लूअरला तो शक्य तितका हलका ठेवा.

चावा आणि हुकलेला चावा

वरच्या लूअरवर पाणी फुटलं की हात आपोआप हिसका देतो. तो आवरा. दोरीवर माशाचं वजन जाणवल्यावरच रॉड उचला. बेडकाला तर आणखी क्षणभर जास्त द्या. आवाजावर हिसका दिला तर लूअर गळांसकट तुमच्या तोंडाकडे उडतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

मासा मागे येऊन नुसती गिरकी घेऊन परतत असेल, तर तो वर यायला तयार आहे, पण शेवटची वीतभर नाही. दुसरा रॉड मऊ रबरी अळी लावून तयार ठेवा आणि लगेच त्याच जागेच्या थोडी पलीकडे टाका. आपोआप बुडू द्या, ओढू नका, दोरीकडे लक्ष ठेवा. ती बाजूला सरकली की समजा, त्याने घेतली.