बाबा परदेशात, पोटगी अशी सुरू झाली

मुलीचे बाबा परदेशात. इथल्या कोर्टाचा पोटगीचा आदेश तिथे नुसता कागद. सुदैवाने आम्ही राहतो तो देश आणि बाबांचा देश, दोन्ही २००७ च्या हेग पोटगी करारात, म्हणजे परदेशातून पोटगी वसूल करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात होते (भारत त्यात नाही). त्यामुळे तिकडे वकील न शोधता इथल्याच केंद्रीय प्राधिकरणाकडे (या करारासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडे) अर्ज दिला. सोबत आदेशाची प्रमाणित प्रत, थकबाकीचा तक्ता आणि भाषांतर. तिथल्या यंत्रणेने वसुली थेट पगारातून लावली. (मुलांच्या पोटगीसाठी या करारात बहुतेकदा कायदेशीर मदत मोफत मिळते. वकील हे आपणहून कशाला सांगतील!)

भेटींचा प्रश्न वेगळा. पैसे थकले तरी भेटी अडवल्या नाहीत. सुट्टीतला मुक्काम, व्हिडिओ कॉलची वेळ, तिकिटाचा खर्च, पासपोर्ट कोणाकडे, सगळं लिहून दोन्ही देशांच्या कोर्टांकडून सारखाच आदेश घेतला. पासपोर्टच्या कलमावर सर्वांत जास्त घासाघीस झाली.