टर्बो गाडीची ताकद वाढवताना: आधी काय, मग काय

रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या (ईसीयूच्या) सेटिंग्जमधला बदल, शेवटी करायचा असतो. बहुतेक जण तो आधी करतात आणि सहा महिन्यांनी क्लच बदलायला गॅरेजच्या दारात उभे राहतात.

सुरुवात तपासणीपासून करा. इंजिन गरम असताना ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) लावा. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करतो ती कमी-जास्त, साधारण उणे 5 ते अधिक 5 टक्क्यांत असावा. आयडलला तो अधिक 10 च्या वर गेला, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरत असण्याची शक्यता असते. मग बॉनेट उघडून टर्बो ते इंटरकूलरच्या (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांवरून बोट फिरवा. क्लॅम्पच्या कडेला ओली, तेलकट धूळ बोटाला लागली की तिथे बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळतोय असं समजा. गळती असली की ठरलेला दाब गाठायला टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि जास्त तापतो.

आता प्लग. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं मिश्रण दाट होतं, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जोर दिल्यावर गाडी अडखळते. म्हणून प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर कमी करतात. कंपनीचं अंतर 0.7 ते 0.8 मिमी असेल, तर रीमॅपसाठी 0.6 ते 0.65 ठेवतात, नेमका आकडा रीमॅप करणाऱ्या ट्यूनरला विचारा. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. अंतर कमी करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा. मधल्या इरिडियमच्या टोकाला पक्कड लागली, तर नवा प्लग वाया.

मुंबईत खरा पैसा इंटरकूलरवर घालावा. सायनच्या सिग्नलला पंधरा मिनिटं एसी लावून उभं राहिलं की इंटरकूलर तापून बसतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (इंधन आपोआप चुकीच्या वेळी पेटणं) टाळायला ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच गायब. बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर बसवला तर इंजिनाचीच गरम हवा ओढली जाते. आवाज मात्र छान येतो. खाली बंपरजवळ इनटेक (हवा ओढणारं तोंड) नेऊ नका. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यात तो पाणी ओढेल आणि कनेक्टिंग रॉड वाकतील.

तेल एपीआय एसपी दर्जाचं घ्या. कमी आरपीएमला पूर्ण जोर देताना पिस्टन फोडणारं अकाली ज्वलन ते आवरतं. जाडी मॅन्युअलप्रमाणे, बदल मात्र दर 7-8 हजार किलोमीटरला.

रीमॅप करताना मूळ फाइलची कॉपी स्वतःकडे ठेवा आणि मॅप किती ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आहे, ते लिहून घ्या. 95 चा मॅप असेल तर नेहमी किमान 95 च भरायचं, त्याहून कमी नाही. गिअरबॉक्सची मर्यादाही बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.5 टीएसआयचा टॉर्क 250 न्यूटन-मीटर, आणि त्यामागचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) जेमतेम तेवढ्यासाठीच बनवलेला. तिथे फार हाव नको.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला सांगणारा ट्यूनर लगेच सोडा. पीयूसीला अडकाल आणि कायद्यालाही. वॉरंटी जाऊ शकते हे धरून चाला आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

शेवटी डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लागोपाठ तीन रन घ्या. तिसऱ्याची ताकद पहिल्यापेक्षा ठळक कमी आली, तर मॅप नव्हे, इंटरकूलर बदला.