एनएसएसमध्ये नाव घालताय? आधी वही घ्या

एनएसएस म्हणजे कॉलेजमधली राष्ट्रीय सेवा योजना. तिच्या टी-शर्टच्या मापाची चौकशी नंतर करा. आधी सेवेचे तास लिहून सरांची सही घ्यायला शंभर पानी वही घ्या आणि तिला प्लॅस्टिकचं कव्हर घाला. का, ते सांगते. अनंत चतुर्दशीला आम्ही दादर चौपाटीवर निर्माल्य गोळा करत होतो. पाऊस आला, सॅक भिजली, आणि वहीतल्या सरांच्या सह्यांची पार निळी रांगोळी झाली. सहा कार्यक्रमांचे तास पुन्हा मिळवायला मी दोन महिने हेलपाटे घातले.

हिशेब सोपा आहे. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं शिबिर. घरचे रात्री राहायला नको म्हणतील, त्यांना आधीच पटवून ठेवा. 24 सप्टेंबरला एनएसएस दिन असतो, योजना 1969 मध्ये याच तारखेला सुरू झाली. त्या दिवशी भाषणं फार, तास कमी!

सही त्याच दिवशी घ्या. नुसतं 'श्रमदान, 4 तास' लिहू नका. 'दुपारी 3 ते 7, निर्माल्यातून थर्माकोल, प्लॅस्टिक वेगळं केलं, 11 पोती' असं लिहा. पुढे पुरस्काराचा अर्ज भरताना हीच ओळ कामाला येते. झाडू धरून रांगेत हसणारे फोटो नकोत, हात चिखलात असलेला एक पुरे.

सुट्टीत एखाद्या संस्थेत इंटर्नशिप केलीत तर पत्रावर शिक्का आणि तारखा तिथेच उभं राहून तपासा. माझ्या पहिल्या पत्रावर वर्षच नव्हतं.