जॅझ थिअरी शिकताना या चुका टाळा: स्केलच्या तक्त्याआधी दोन स्वर

जॅझ शिकायचं ठरलं की बरेच जण आधी स्केलचा तक्ता भिंतीला लावतात. डोरियन, मिक्सोलिडियन, ऑल्टर्ड सगळं पाठ होतं, बोटं पळायला लागतात, तरी वाजवलेलं जॅझसारखं लागत नाही. ऐकणाऱ्याला ओढून नेते ती एका कॉर्डमधून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधून) दुसरीत जाण्याची हालचाल, आणि ती मुख्यतः प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असते. सुरुवातीच्या बहुतेक अडचणींचं मूळ या दोन स्वरांकडे झालेल्या दुर्लक्षात सापडतं.

स्केल बरोबर, तरी कॉर्ड बदललेली कळत नाही

पांढरी एकला (सी) सा धरा. डी मायनर सेव्हन म्हणजे रे म ध सां. जी सेव्हन म्हणजे प नि रें मं. सी मेजर सेव्हन म्हणजे सा ग प नि. या तीन कॉर्ड याच क्रमाने आल्या की त्याला टू-फाइव्ह-वन म्हणतात (मूळ स्वर रे, प, सा, म्हणजे दुसरा, पाचवा, पहिला), आणि जॅझच्या स्टँडर्ड गाण्यांत हे वळण पावलोपावली भेटतं. तक्त्यात तिन्हींसमोर वेगवेगळे मोड, म्हणजे स्केलचे प्रकार, लिहिलेले असतात: डी डोरियन, जी मिक्सोलिडियन, सी आयोनियन. पण स्वर तेच सात, सगळे शुद्ध. पाळीपाळीने तिन्ही स्केल वर-खाली वाजवल्या तरी कानाला एकच बिलावल ऐकू येतो.

म्हणून काही दिवस तक्ता बाजूला ठेवा आणि फक्त तिसरा व सातवा स्वर वाजवा. डी मायनर सेव्हनचे म–सां, मग जी सेव्हनचे म–नि, मग सी मेजर सेव्हनचे ग–नि. पहिल्या बदलात म जागेवर राहतो आणि सां उतरून नि होतो. दुसऱ्यात नि जागेवर राहतो आणि म उतरून ग होतो. दर वेळी एकच स्वर हलतो, तोही अर्ध्या स्वराने. कानाला घरी आल्यासारखं वाटतं ते यामुळे.

कीबोर्डवर उजव्या हाताचा सां मिडल सीवर (कीबोर्डच्या मधल्या सीवर) येऊ द्या आणि डाव्या हाताने त्याखालचा मूळ स्वर धरा. मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. जमलं की वरची ओळ (सां, नि, नि) गा आणि खालची वाजवा, मग उलट करा. गाता येत नसेल तर ती ओळ अजून कानात बसलेली नाही, पुढे जाऊ नका.

गिटारवर हेच स्वर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर सापडतात. डी मायनर सेव्हनला पाचव्या तारेचा पाचवा पडदा, चौथीचा तिसरा, तिसरीचा पाचवा. जी सेव्हनला सहावीचा तिसरा, चौथीचा तिसरा, तिसरीचा चौथा. सी मेजर सेव्हनला पाचवीचा तिसरा, चौथीचा दुसरा, तिसरीचा चौथा. बाकीच्या तारा दाबून बंद ठेवा. सहा तारा वाजवणाऱ्या मोठ्या कॉर्डपेक्षा हे तीन स्वर बँडमध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात, कारण बेस आणि पियानोला जागा उरते.

सोलो घेताना नियम एकच ठेवा: प्रत्येक बारच्या (इथे चार ठोक्यांच्या गटाच्या) पहिल्या ठोक्यावर त्या कॉर्डचा तिसरा किंवा सातवा स्वर. मधल्या ठोक्यांवर काहीही वाजवा. मागे कॉर्ड न वाजताही वळण ऐकू आलं की हा धडा झाला.

थाट आणि मोड एकच समजणं

हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्यांना मोड पटकन कळतात. आयोनियन बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. स्वरांपुरतं हे अगदी बरोबर आहे आणि त्याचा फायदा जरूर घ्यावा. चूक पुढे होते. तानपुऱ्याची सवय असलेला कान सा हलवायला तयार नसतो, तर जॅझमध्ये एका गाण्यात घर दोन-तीनदा बदलू शकतं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘सो व्हॉट’ ही रचना ३२ बारची आहे. पहिले १६ बार डी डोरियन, म्हणजे पांढरी दोनवरचा काफी. १७व्या बारला अख्खा काफी उचलून काळी दोनवर जातो, आठ बार तिथे राहतो आणि शेवटच्या आठ बारला परत पांढरी दोनवर येतो. त्या मधल्या आठ बारांत जुनाच सा धरून ठेवला की सगळं विस्कटतं. अशा जागी आधी नवा सा गाऊन पाहा, मग वाजवा.

चिन्हं चुकीची वाचणं

लीड शीटवर (चाल आणि कॉर्डची चिन्हं लिहिलेल्या कागदावर) सी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन या दोन वेगळ्या कॉर्ड आहेत. ‘मेजर’ हा शब्द इथे सातव्या स्वराबद्दल आहे: सी मेजर सेव्हनमध्ये शुद्ध नि, नुसत्या सी सेव्हनमध्ये कोमल नि. ‘मायनर’ मात्र तिसऱ्या स्वराबद्दल असतं, म्हणून सी मायनर सेव्हनमध्ये ग कोमल आणि निही कोमल. छोटा त्रिकोण दिसला तर तो मेजर सेव्हन.

सगळे स्वर एकदम रचणं

नववा म्हणजे वरच्या सप्तकातला दुसरा, अकरावा म्हणजे चौथा, तेरावा म्हणजे सहावा. हे कळलं की नवशिके सातही स्वर एका कॉर्डमध्ये भरतात आणि आवाज गढूळ होतो. सी मेजर सेव्हनवर अकरावा, म्हणजे शुद्ध म, गच्या अर्धा स्वर वर असल्याने टोचतो. तो वाजवायला बंदी नाही, फक्त त्यावर थांबू नका. डी मायनर सेव्हनवर मात्र अकरावा (इथे प) सुंदर लागतो, कारण खालचा तिसरा त्याच्यापासून पूर्ण स्वर दूर आहे. तिसरा आणि सातवा पक्के असतील तर एक रंगाचा स्वर (नववा, अकरावा किंवा तेरावा) पुरे. आवाज तरीही गढूळ वाटला तर हात तपासा: मिडल सीच्या एक सप्तक खाली जवळजवळचे स्वर एकत्र दाबले की ते घुमतात. तिथे एकटा मूळ स्वर ठेवा.

ट्रान्सपोजचं बटण

घरगुती कीबोर्डवर पट्टी बदलणारं हे बटण असतं आणि ते वापरलं की सगळं पांढरी एकवरच वाजवता येतं. अभ्यासाच्या वेळी ते शून्यावर ठेवा, एका बोटाने अख्खी कॉर्ड देणारी सोयही बंद करा. टू-फाइव्ह-वन आधी सी, एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या चार पट्ट्यांत बसवा (बी फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच), मग उरलेल्या आठ. दर आठवड्याला एकच नवी पट्टी घेतली तरी चालेल. पट्टी बदलली तरी म–सां, म–नि, ग–नि हा क्रम बदलत नाही, म्हणून सरगममध्ये विचार करणाऱ्यांना हे काम इतरांपेक्षा सोपं जातं.

मायनरमध्ये मेजरचीच स्केल

सी मायनरमधल्या टू-फाइव्ह-वनमध्ये पहिली कॉर्ड रे म कोमल ध सां होते आणि जी सेव्हनमध्ये कोमल ध हा फ्लॅट (कोमल) नववा मिळतो. नि मात्र शुद्धच राहतो. हे कीरवाणीचे स्वर. इथे शुद्ध ध किंवा कोमल नि लावून ठेवला की वळण मरतं.

ब्लूज: बार मोजायचे राहून जातात

१२ बारचा ब्लूज म्हणजे एक आवर्तन, आणि पहिला बार ही सम. सोलोच्या नादात अनेक जण चौथ्या किंवा आठव्या बारनंतर हरवतात. सी ब्लूजचा साधा नकाशा असा: चार बार सी सेव्हन, दोन बार एफ सेव्हन, दोन बार सी सेव्हन, मग जी सेव्हन, एफ सेव्हन आणि शेवटी दोन बार सी सेव्हन. पाच आवर्तनं फक्त मूळ स्वर गात चालवा. इथली आणखी एक अडचण थिअरीची आहे: सी सेव्हन आली म्हणजे ती एफकडे जाणारच, असं पुस्तकी ज्ञान सांगतं. ब्लूजमध्ये सी सेव्हन हेच घर आहे, त्यामुळे कोमल नि इथे विश्रांतीचाही स्वर होतो.

स्विंग गणितात कोंबणं

स्विंगमध्ये एका ठोक्यातले दोन स्वर असमान लांबीचे वाजतात. मध्यम लयीत ठोक्याचे तीन भाग करून पहिला स्वर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा, ही सुरुवात ठीक आहे. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जातं. द्रुत लयीतही दोनास एक धरून ठेवलं की वाजवणं उड्या मारल्यासारखं होतं. मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर धरा, म्हणजे तुमची लय १२० होईल. कानाची तयारी करायला सी. रामचंद्र यांची स्विंगच्या ढंगातली हिंदी गाणी आणि चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट ऐका.

ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनसोबत वाजवायला बसलात तर आधी विचारा की कागद कोणत्या पट्टीत आहे. पियानोचा सी ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सच्या कागदावर डी लिहिलेला असतो, अल्टोच्या कागदावर ए.